नापास अण्णांचं बोर्डिंग

दुसऱ्या वर्षाला असताना मी एक फॉर्म भरला. 'कमवा व शिका' योजनेचा. फॉर्मच्या वरच्या ओळीत योजनेचं पूर्ण नाव छापलेलं होतं आणि त्या नावात कर्मवीर भाऊराव पाटील होते. मी काही ते वाचलं नाही. माझं सगळं लक्ष खालच्या दोन रकान्यांकडे : वडिलांचं उत्पन्न आणि बँक खात्याचा नंबर. काम मिळालं लायब्ररीत. पुस्तकांना नंबर चिकटवायचे, रॅक पुसायचे, जर्नल्सचे गठ्ठे बांधायचे. काम सोपं होतं हो, पण वर्गातलं कोणी आत आलं की मी हातातलं फडकं पटकन खिशात कोंबायचो आणि समोरचं पुस्तक उघडून वाचत असल्याचा आव आणायचो. एकदा तर असा आव आणताना पुस्तक उलटं धरलं होतं. आमच्या रूम पार्टनरने ते पाहिलं आणि पुढचे दोन महिने मेसमध्ये माझा उद्धार झाला.

याच लायब्ररीत चरित्रांचं कपाट लावताना भाऊरावांचं चरित्र हाती लागलं. शाळेत त्यांच्यावर धडा होता, जयंतीला भाषण पाठ केलं होतं, त्यामुळे आपल्याला सगळं माहीत आहे असा समज होता. पांढरी दाढी, खादी, वडाचं झाड, संपलं. पण हा माणूस नापास होता, हॉस्टेलमधून हाकलला गेला होता आणि नांगर विकत फिरत होता, हे भाषणात कुणी घालायला सांगितलं नव्हतं!

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोजचा. घर जैन, घराणं पाटलांचं, वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीला. मुलगा लहानपणापासून दांडगा. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहिल्यावर त्याने विहिरीचा रहाटच मोडून आत टाकून दिला, असं सांगतात. पुढे शिकायला कोल्हापूरला आला, राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातलं आणि राहायला जैन बोर्डिंगमध्ये गेला.

इथे त्या वेळचं कोल्हापूर थोडं समजून घ्यायला हवं. शाहू महाराजांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती. खेड्यातला पोरगा शाळा नाही म्हणून मागे राहतो हे खरंच, पण शाळेच्या गावात त्याला राहायला आणि जेवायला जागा नाही, म्हणून तो जास्त मागे राहतो. पुण्यात गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवायची, माधुकरी मागायची. हालच होते ते, पण निदान एक वाट होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला कोण वार देणार? म्हणून महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी यादी वाढत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं.

त्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी साफ नकार दिला. झालं! जैन बोर्डिंगचा दरवाजा बंद. आपल्याकडे रात्री साडेदहानंतर आलं की रेक्टर सरांकडे लेखी माफीनामा द्यावा लागतो आणि आपल्याला वाटतं केवढा अन्याय. या गड्याने माफी मागितली नाही की अंघोळ केली नाही. शाहू महाराजांनी त्याला राजवाड्यावर ठेवून घेतलं. तिथे तालीम, कुस्ती, खाणंपिणं सगळं चांगलं चाललं, अभ्यास तेवढा राहिला. परीक्षेत नापास झाले. आमच्याकडे आजही रंगवून सांगितली जाणारी गोष्ट अशी की, महाराजांनी खुद्द मास्तरांकडे शब्द टाकला, की पोराला वर ढकला. मास्तरांनी अदबीने कळवलं की, हा मुलगा ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वर चढवतो, मुलाला मात्र नाही. राजाचा शब्द मोडणारा मास्तर! मला ही गोष्ट आवडते ती त्या मास्तरामुळे. केटी लागलेल्या मुलाची बाजू मी घ्यायला हवी, पण तो मास्तर चुकला असं काही म्हणवत नाही. महाराजांनीही त्याचं काही वाकडं केलं नाही.

मॅट्रिक काही झाली नाही. मुंबईला मोत्यांच्या व्यापारात शिरायचा प्रयत्न फसला. मग साताऱ्याला शिकवण्या सुरू केल्या. हो, नापास माणसाने शिकवण्या! आणि त्या चालल्या, पाटील मास्तर म्हणून नाव झालं. १९१० च्या आसपास सांगली भागातल्या दुधगावला मित्रांच्या साथीने सगळ्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी एक विद्यार्थी आश्रमही काढला. पुढच्या सगळ्या कामाची ती कच्ची प्रत.

मधे १९१४ चं ते डांबर प्रकरण झालं. कोल्हापुरात इंग्रज राजाराणीच्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासलं. संशयाचं राजकारण फिरून अण्णासाहेब लठ्ठ्यांवर आलं आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायला भाऊरावांवर दडपण आणलं गेलं. साक्ष दिली नाही. कोठडी भोगली, छळ भोगला. शाहू महाराजांच्याच राज्यात हे घडलं, तरी त्याच शाहू महाराजांचं नाव भाऊरावांनी पुढे आपल्या बोर्डिंगला दिलं. मला या माणसाबद्दल विचार करताना इथे थांबायला होतं. मनात धरून ठेवायला त्यांच्याकडे पुरेपूर कारण होतं.

आता आपल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी महत्त्वाचा भाग. भाऊराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते झाले. आज नांगर विकणं म्हणजे कॅटलॉग दाखवणं असं वाटेल. पण त्या काळी शेतकऱ्याची पक्की समजूत होती की लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते. किर्लोस्करांचे पहिले नांगर त्यापायी दोन वर्षं गिऱ्हाइकाविना पडून होते. म्हणजे विक्रेत्याचं खरं काम काय? गावोगाव जायचं, कुणाच्या तरी रानात नांगर जुंपून दाखवायचा आणि शंभर शंकांना उत्तरं द्यायची. नाही म्हटलं तरी ते शिकवणंच. त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्यासाठीही फिरती केली. पुढे साताऱ्याजवळ कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याच्या उभारणीत ते होते. तिथल्या नफ्यातला काही वाटा शिक्षणाच्या कामाला मिळेल अशी अपेक्षा होती, ती फिसकटली आणि ते बाहेर पडले.

या फिरतीत त्यांनी खेडी पाहिली, आणि तीही मुक्काम करून. नांगर घ्यायला तयार असलेला शेतकरी पावती वाचू शकत नाही. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवतो आणि आकडा सावकार सांगेल तो. नांगराने पीक वाढलं तरी वाढलेलं पीक कुणाच्या घरात जाणार हे त्या कागदावर ठरत होतं. हे एकदा दिसल्यावर नुसते नांगर विकत बसणं त्यांना जमेना.

४ ऑक्टोबर १९१९, दसरा. कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या निमित्ताने रयत शिक्षण संस्था निघाली. रयत म्हणजे शेतकरी-कष्टकरी प्रजा. सुरुवात झाली ती वसतिगृहाने. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथे बोर्डिंग सुरू झालं. फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. पुणे करारानंतर १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघालं. शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज १९३५ चं. आणि संस्थेचं पहिलं हायस्कूल, साताऱ्याचं महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४० चं! तोपर्यंत बोर्डिंगची मुलं गावातल्या दुसऱ्या शाळांत जायची. या तारखा मी पुन्हा पुन्हा तपासल्या, कारण क्रम उलटा वाटत होता. आपल्याकडे आधी कॉलेज निघतं, मग इमारत वाढते आणि होस्टेल शेवटी, तेही जमलं तर. इथे एकवीस वर्षं आधी मेस आणि मग हायस्कूल.

आणि ही मेस कशी होती? शाहू महाराजांनी प्रत्येक समाजाला वेगळं वसतिगृह दिलं होतं. ते त्या काळाला धरूनच होतं, आपल्या जातीच्या बोर्डिंगशिवाय आईबापांनी मुलं पाठवलीच नसती. भाऊरावांनी गुरूच्या एक पाऊल पुढे जाऊन सगळ्यांना एका चुलीवर आणलं. महार, मराठा, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, ब्राह्मण, सगळी पोरं एका पंगतीला. दळण, स्वयंपाक, भांडी, पाणी, झाडलोट मुलांनीच करायची, पाळीपाळीने. त्यामुळे आज ज्याच्या हातचं खाणं विटाळ मानायला घरी शिकवलं, उद्या त्याच्याच हातची भाकरी पुढ्यात यायची. वर्गात समतेवर तास घ्यायचीही गरज नाही, भूक लागली की प्रॅक्टिकल सुरू. गांधीजींना याचंच अप्रूप वाटलं होतं.

धान्य कुठून यायचं? मुष्टिफंडातून. गावोगावच्या बायांनी रोज दळण-कांडण करताना मूठभर धान्य बाजूला टाकायचं, ते गोळा करून बोर्डिंगला आणायचं. मोठा देणगीदार असता तर एका चेकवर काम झालं असतं, पण मूठ टाकणाऱ्या प्रत्येक घराला ते बोर्डिंग आपलं वाटू लागलं, हा फायदा चेकमध्ये नव्हता.

तरी धान्य संपायचं. संपलं की लक्ष्मीबाईंकडे यायचं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या कडक सोवळ्यात वाढलेल्या, श्रीमंत घरच्या. लग्नानंतर त्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्या जातींची पोरं शिरली. आधी त्यांना ते जड गेलं, मग त्याच त्या पोरांची आई झाल्या. अंगावरचे दागिने एकेक करून मोडले गेले, आणि एक दिवस असा आला की मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा गेलं. त्या काळच्या बाईने नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे आपल्या आजीला विचारून पाहा. १९३० मध्ये त्या गेल्या. हायस्कूल, कॉलेज, पदव्या, सत्कार, यांतलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. भाऊरावांवरच्या भाषणात त्यांना एक वाक्य मिळतं. मला प्रामाणिकपणे वाटतं, संस्थापक दोघं होते असं लिहायला हवं.

आता 'कमवा आणि शिका'. सयाजीराव हायस्कूलमध्ये आणि नंतर १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजात हे सूत्र रीतसर आलं. फी नाही द्यायची, राहण्याखाण्याचे पैसे नाही द्यायचे, त्याऐवजी काम करायचं. साताऱ्याच्या खडकाळ माळावर मुलांनी दगड फोडले, माती आणून टाकली, शेती केली, इमारतींच्या बांधकामावर खपली. सकाळी कुदळ, दुपारी शेक्सपिअर.

कष्ट आणि शिक्षण यांची सांगड बऱ्याच जणांनी घातली, पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा होता. गांधीजींची नई तालीम १९३७ च्या वर्धा परिषदेतून आली. तिच्यात चरखा हेच पुस्तक. सूत कातताना गणित शिकायचं, कापसावरून भूगोल शिकायचा. रवींद्रनाथांना शांतिनिकेतनात, १९०१ पासून, मूल झाडाखाली मोकळं फुलायला हवं होतं. पुण्यात टिळक-आगरकरांच्या पिढीने १८८० च्या दशकात न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन काढलं ते शिकलेल्या तरुणांतून राष्ट्र जागं करण्यासाठी. भाऊरावांनी अभ्यासक्रमाला फारसा हात लावला नाही. पुस्तकं तीच, परीक्षा तीच, पेपर तपासणारे तेच. बदलला तो फक्त प्रवेशाचा दर. तो रुपयांऐवजी घामात घेतला. तत्त्वज्ञान म्हणून हे थोडं कमी वाटतं, मान्य. नई तालीमवाले म्हणतील की मुलगा दगड फोडतो आणि वर्गात शेक्सपिअर वाचतो, यात दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय?

याचं उत्तर मला एका लांबच्या भांडणात सापडलं. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून अलाबामातल्या टस्कीगी इथे कृष्णवर्णीय मुलांची शाळा उभी केली. मुलांनी स्वतः विटा भाजून इमारती बांधल्या. भाऊरावांची तुलना त्यांच्याशी नेहमी केली जाते. पण त्यांच्याच समाजातले डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस, हार्वर्डचे डॉक्टरेट, यांनी १९०३ मध्ये पुस्तकात त्यांच्यावर टीका केली. मुद्दा असा की, गरिबाच्या मुलाला सुतारकाम-लोहारकामच शिकवत राहाल तर तो उत्तम सुतार होईल आणि वकील, डॉक्टर, राज्यकर्ते दुसऱ्याच घरांतून येत राहतील. टीका बोचरी आहे आणि खरी आहे. आपल्याकडे तर जातच धंदा ठरवत आली, इथे चांभाराच्या मुलाला शाळेत पुन्हा चामडंच हातात देण्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

भाऊरावांची मेख इथे आहे. त्यांच्याकडे काम हा विषय नव्हता, काम ही फी होती. दगड फोडणारा मुलगा पुढे गवंडी व्हावा म्हणून दगड फोडत नव्हता. बोर्डिंगमधले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि फी असली की तो हक्क होतो. शिष्यवृत्ती देणाऱ्यापुढे हात जोडावे लागतात, काम करून शिकणाऱ्याला कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. शिवाय ब्राह्मण असो, पाटील असो, कुदळ सगळ्यांनाच, त्यामुळे हलकं काम असं काही उरतच नव्हतं.

एक शंका मला अजून आहे आणि ती लपवत नाही. हे सगळ्यांनाच लागू होतं म्हणून चाललं. आमच्या कॉलेजात फक्त गरजूंनी काम करायचं असतं, बाकीचे कँटीनला. मग हातात फडकं दिसलं की घरचं उत्पन्न दिसतं. नाव भाऊरावांचं, पण पंगत काही एक नाही. आमच्या एका सरांशी यावर बोललो तर ते म्हणाले सगळ्यांना सक्ती केली तर पालक कोर्टात जातील. जातीलही.

पुढचं झपाट्याने घडलं. १९३८ नंतर खेड्यापाड्यांत व्हॉलंटरी शाळा निघत गेल्या, जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती तिथे. त्यांची संख्या ५७८ वर गेली. गांधीहत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प केला. त्याच सुमारास भाऊरावांच्या फटकळ बोलण्याने सरकार दुखावलं आणि संस्थेची ग्रँट बंद झाली. कोंडीचे दिवस होते ते. स्वतः शाळेत न गेलेले गाडगे महाराज तेव्हा मुंबईला मंत्र्यांकडे रयतेसाठी रदबदली करायला गेले. १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघालं त्याला गाडगे महाराजांचं नाव दिलं. शिवाजी कॉलेजचं नाव बदलून आपलं द्यावं म्हणून मोठी रक्कम घेऊन आलेल्या देणगीदाराला मात्र भाऊरावांनी परत पाठवलं, असं सांगतात. ग्रँट बंद असलेल्या दिवसांतून गेलेला माणूस पैसे परत पाठवतो, यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत वाद झाला. निम्मे म्हणत होते घ्यायला हवे होते, नावाने काय होतं. मी तेव्हा गप्प बसलो, कारण मलाही नक्की सांगता येत नव्हतं.

१९५९ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं आणि पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. तोवर शरीर थकलं होतं. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात ते वारले. डी. लिट.च्या आधी त्यांच्या खात्यावर शिक्षणाचा शेवटचा निकाल होता तो राजाराम हायस्कूलचा. नापास.

चरित्राचं ते पुस्तक मी कपाटात जागेवर लावलं. त्याचा नंबर निसटला होता, तो पुन्हा चिकटवला. तेवढ्यात आमच्या वर्गातली दोघं आत आली. फडकं हातातच होतं.